व्हॅन राहती करताना

कॅम्पर व्हॅनमध्ये आराम वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी काय काय घ्यायचं त्याची यादी करायला बसतात. मोठी बॅटरी, मोठा फ्रिज, टपावर एसी, मागे शॉवर. मला विचाराल तर यादी दुसऱ्याच टोकाने सुरू करावी, म्हणजे गाडीत राहताना आपण दिवसभरात कुठे कुठे वैतागतो ते आधी लिहून काढावं. सकाळी पाठ का धरते, मध्यरात्री जाग का येते, चमचा काढायला गादी का उचलावी लागते, कपडे कायम दमट का लागतात. वैतागाची जागा सापडली की काय बदलायचं ते आपोआप कळतं, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींचा विजेशी किंवा महागड्या वस्तूंशी काही संबंध नसतो असं माझं तरी ठाम मत झालंय.

आमच्या यादीत सगळ्यात वर झोप होती. व्हॅन घेतली तेव्हा तिच्यात दिवसा सोफा आणि रात्री पलंग अशी सोय होती. टेबल खाली घ्यायचं, त्यावर फळी टाकायची, फळीवर सोफ्याच्या तीन गाद्या मांडायच्या, झाला पलंग. फक्त तीन गाद्या म्हटल्या की मध्ये दोन फटी आल्या, आणि त्यातली एक बरोबर कमरेखाली येते. दिवसभर गाडी चालवून अंग आंबलेलं असतं, डोळे मिटत असतात, आणि नेमकं तेव्हाच टेबलावरचा पसारा आवरा, फळी बसवा, चादर ताणा, आणि सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने करा. पाऊस असला की एकाने हे करायचं आणि दुसऱ्याने पुढच्या सीटवर बसून राहायचं कारण दोघं एकदम उभे राहतील एवढी मोकळी जागाच उरत नाही.

म्हणून पहिला बदल कायमचा पलंग. यावर व्हॅनवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो कायमचा पलंग निम्मी गाडी खातो, दिवसा त्याचा उपयोग काय. दुसरा म्हणतो दमलेल्या माणसाला सरळ आडवं होता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. मी दुसऱ्या पंथाची, आणि त्यासाठी बैठकीची जागा कमी झालेली मला चालते. पुढच्या दोन सीट फिरत्या केल्या, म्हणजे सीटखाली फिरकीची प्लेट टाकून त्या मागे वळतील अशा केल्या, की बसायचा प्रश्न बराचसा सुटतो. फिरकीच्या प्लेटने सीट थोडी उंच होते आणि हँडब्रेकचा दांडा मध्ये येतो का ते गाडीगणिक वेगळं असतं, तेवढं आधी बघून घ्यावं. शिवाय प्लेट त्याच मॉडेलसाठी क्रॅश टेस्ट झालेली हवी, कारण सीटबेल्टचा सगळा ताण शेवटी त्या बोल्टांवर येतो.

पलंग आडवा घालायचा की उभा, हे गाडीची आतली रुंदी ठरवते. फियाट डुकाटो आतून सगळ्यात रुंद जागी साधारण १.८७ मीटर आहे, म्हणून तिच्यात बऱ्याच जणांना आडवं झोपता येतं आणि लांबीतली जागा वाचते. पण हे माप उघड्या पत्र्यापासून उघड्या पत्र्यापर्यंतचं आहे. दोन्ही बाजूंना फोम आणि प्लायवूड चढलं की सात-आठ सेंटीमीटर सहज जातात आणि तेवढ्यानेच टाचा भिंतीला टेकतात. उंच माणसांनी कागदावरच्या आकड्यावर जाऊ नये, जमिनीवर खडूने चौकोन आखून त्यात रात्रभर झोपून बघावं. वेडेपणा वाटेल पण अख्खं फर्निचर उपटण्यापेक्षा बरं.

गादीबद्दल थोडं. घरच्या जाड गादीचा मोह होतो, पण व्हॅनमध्ये डोक्यावरची जागा सेंटीमीटरच्या हिशोबात असते, पलंगावर ताठ बसता आलं नाही की अंथरुणात वाचणं, कपडे घालणं सगळं वाकून करावं लागतं आणि मग मान दुखते. बारा-तेरा सेंटीमीटर जाडीचा पण चांगल्या घनतेचा फोम, म्हणजे घनमीटरला ४० किलोच्या आसपासचा, हा मऊ आणि जाड पण हलक्या फोमपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकतो. आणि गादीखाली सलग प्लायवूड कधीच नको. लाकडी पट्ट्यांची जाळी टाकायची. माणसाच्या अंगातून निघालेली वाफ गादीतून खाली जाते, खालचं प्लायवूड थंड असतं, तिथे तिचं पाणी होतं आणि काही आठवड्यांत गादीच्या पोटाला काळे ठिपके येतात. गादी उचलून बघायची सवय नसेल तर ते दिसतही नाहीत, फक्त गाडीत एक कोंदट वास भरून राहतो.

पलंगाखालची जागा हा दुसरा खजिना. ती नुसती पोकळी म्हणून सोडली की त्यात पिशव्यांचा ढीग होतो आणि हवी ती पिशवी नेहमी तळाशी असते. पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर, मागच्या दाराकडून ओढता येतील असे, हा एकच बदल मला मोठ्या बॅटरीपेक्षा जास्त सुख देऊन गेला. मात्र ड्रॉवरला पक्की कडी हवी, घरगुती चुंबकाची पकड वळणावर सुटते आणि भरलेला ड्रॉवर पुढे झेपावला की काहीही होऊ शकतं. तसा हा विचार जुनाच. १९५१ साली जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी कॅम्पिंग बॉक्स नावाचं फर्निचर काढलं ते उचलून बाहेर ठेवता येईल असंच होतं, कामाच्या दिवशी मालवाहू गाडी आणि सुट्टीत घर. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं, तरी लोक मुलाबाळांसकट फिरले. आराम म्हणजे काय याचा गाभा तेव्हाही हाच होता, नीट झोप आणि हाताशी सामान.

आता ओल. हा विषय मला सगळ्यात जवळचा, कारण व्हॅनमधल्या बऱ्याच दुःखांचं मूळ इथे आहे आणि नवीन लोक सगळ्यात कमी विचार याचाच करतात. दोन माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली की श्वास आणि घाम मिळून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात गॅसवर काही शिजवलं तर आणखी, एक किलो प्रोपेन जळला की त्यातून सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, भांड्यातून निघणारी वाफ वेगळीच. हे सगळं पाणी जातं कुठे? जी वस्तू सगळ्यात थंड असेल तिच्यावर. आत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या खालच्या प्रत्येक गोष्टीवर दव धरतं. पुढची काच, दाराची चौकट, खिडकीच्या रबरामागची पट्टी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॅनेलमागचा पत्रा, जिथे आपली नजर जात नाही.

आमच्या गाडीतलं जुनं पॅनेल आम्ही काढलं तेव्हाचं दृश्य सांगते. आधी ज्यांनी गाडी बनवून दिली होती त्यांनी भिंतीत काचलोकर नुसती कोंबली होती, वरून प्लाय मारलं होतं. प्लायची मागची बाजू करडी पडलेली, काचलोकर खाली बसून तिचा ओला गोळा झालेला, आणि तिच्यामागे पत्र्याच्या आडव्या फासळीवर थेंबांची सरळ ओळ. प्रत्येक थेंबाच्या खाली गंजाची एक बारीक तपकिरी रेघ खाली उतरलेली. वरच्या बाजूला, जिथे लोकर उरली नव्हती, तिथे पत्रा कोरडा होता. म्हणजे इन्सुलेशन होतं तिथेच गंज जास्त होता. दमट हवा त्या लोकरीतून आरामात पत्र्यापर्यंत पोचत होती आणि एकदा तिथे पाणी झालं की वाळायला वाट नव्हती.

म्हणून भिंतीला आम्ही बंद पेशींचा, म्हणजे ज्यातून हवा आरपार जात नाही असा लवचिक फोम लावला, मागे चिकट थर असलेला, पत्र्याला पूर्ण चिकटवून, कडा टेपने बंद करून. हवा पत्र्याला टेकूच द्यायची नाही हा सगळा मुद्दा. खोलगट जागांमध्ये पट्ट्या कापून भरल्या. फासळ्या मात्र सोडायच्या नाहीत, लोक भिंतीचे मोठे चौकोन झाकतात आणि फासळ्या उघड्या ठेवून त्यावर थेट प्लाय ठोकतात. स्टीलमधून उष्णता फोमच्या हजारपटीहूनही जास्त सहज वाहते, त्यामुळे उघडी फासळी अरुंद असली तरी तिच्यातून भरपूर थंडी आत येते आणि प्लायवर नेमकी त्याच रेषेत ओल उमटते. फासळीवर फोमची पातळ पट्टी मारली तरी फरक हाताला जाणवतो. मेंढीच्या लोकरीचेही बरेच चाहते आहेत. ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषून परत सोडू शकते हे खरं, पण त्यासाठी तिला वाळायला कोरडी हवा मिळाली पाहिजे. फवारून फुगणारा फोम मी कुणालाच सुचवणार नाही, तो फुगताना पातळ पत्र्याला पोक काढू शकतो आणि पुढे एखादी वायर बदलायची किंवा गंज बघायचा झाला तर खरवडत बसा.

आणि तरीही, पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर इन्सुलेशनच्या आधी छतावरचा पंखा बसवा असं मी सांगेन. इन्सुलेशनने पाणी कुठे जमायचं ते बदलतं, पाणी गाडीबाहेर काढतो तो पंखाच. साधारण ३६ सेंटीमीटरचा चौरस, आत ओढणारा आणि बाहेर फेकणारा असा दोन्ही चालणारा, आणि झाकण असं की पावसातही चालू ठेवता येईल. कमी स्पीडला तो पाच वॅटसुद्धा खात नाही, रात्रभर चालवला तरी बॅटरीला पत्ता लागत नाही. दुसऱ्या टोकाला एखादी खिडकी बोटभर उघडी हवी नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा येणार कुठून. थंडीत बाहेरची गार हवा आत घ्यायची कल्पना विचित्र वाटते खरी, पण गार हवेत मुळात पाणी कमी असतं, ती आत येऊन तापली की कोरडी होते आणि काचा पुसायची वेळ येत नाही.

स्वतःच्या गाडीच्या छताला भोक पाडताना पोटात गोळा येतो. आतून मध्यबिंदूला लहान छिद्र पाडून ते वरून बघायचं, छताच्या पन्हाळ्या कुठे येतात ते तपासायचं, कारण पंख्याची चौकट सपाट असते आणि पन्हाळीवर बसली की खाली पोकळी राहते, तिथून पाणी शिरणारच. पन्हाळी भरायला तिच्या आकाराच्या पट्ट्या आधी चिकटवून जागा सपाट करून घ्यायची. जिगसॉने कापताना निघणारा लोखंडाचा किस खाली चादर धरून झेलायचा आणि वरचा एकूण एक कण झाडून टाकायचा, कारण एक कण जरी रंगावर राहिला तरी पुढच्या पावसानंतर तिथे गंजाचा ठिपका दिसतो. मग कापलेली कड घासून, गंजरोधक रंगाचे दोन हात, पूर्ण वाळू द्यायचं, आणि नंतरच ब्यूटिल टेप म्हणजे चिकट रबरी पट्टी, चौकट, स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट. हे काम घाईत उरकू नका, एक अख्खा कोरडा दिवस त्याला द्या.

हीटरचं थोडक्यात सांगते. गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करणं हा विचारही नको, ती आतला ऑक्सिजन खाते, पाणी सोडते आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. डिझेलवर चालणारे वेबास्टो, एबरस्पेखर किंवा त्या पद्धतीचे हीटर जळणासाठी हवा बाहेरून घेतात आणि धूर बाहेरच सोडतात, आत येते ती फक्त गरम आणि कोरडी हवा. दोन किलोवॅटचा हीटर ताशी ०.१ ते ०.२५ लिटरच्या आसपास डिझेल पितो. छोट्या गाडीत मोठा हीटर बसवू नये, तो सतत अगदी मंद आचेवर चालतो, काजळी धरते आणि एक दिवस पेटतच नाही. मधूनमधून अर्धा तास पूर्ण जोरात चालवला तर आतून साफ राहतो. उंच डोंगरात हवा विरळ असते, इंधन तेवढंच जातं आणि ऑक्सिजन कमी, तिथेही काजळीच, म्हणून उंचीची सोय असलेलं मॉडेल घ्यावं. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपतो त्या उंचीला लावाच. गॅस गळतीचा अलार्म मात्र खाली जमिनीजवळ, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. हे दोन अलार्म आहेत म्हणून मला तिथे डोळे मिटता येतात.

विजेकडे येते. या विषयावर लोक आकड्यांमध्ये बोलतात, किती अँपिअर-अवर, किती वॅट, आणि मला त्यातलं एकच सांगावंसं वाटतं, वायर जाड वापरा. बारा व्होल्टवर करंट फार मोठा असतो. १००० वॅटचं काहीही इन्व्हर्टरवर लावलं की बॅटरीतून ८३ अँपिअर आणि वर इन्व्हर्टरचं नुकसान म्हणजे नव्वदच्या आसपास करंट वाहतो. आणि फ्रिज तर वेगळीच परीक्षा घेतो. आमचा फ्रिज रात्री अचानक बंद पडायचा, बॅटरी मात्र निम्म्याहून जास्त भरलेली. बॅटरीच्या टोकाला मीटर लावला तर सगळं ठीक, फ्रिजच्या प्लगला लावला तर कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी व्होल्टेज धाडकन खाली. त्या क्षणी फ्रिजचा कंट्रोलर समजायचा की बॅटरी संपली, आणि तो स्वतःला बंद करायचा. आधीच्या कारागिराने फ्रिजपर्यंतची लांब वायर दिव्यांना वापरतात तेवढ्याच जाडीची ओढली होती. तिच्याजागी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला, आणि तोच फ्रिज, तीच बॅटरी, कुठलीही तक्रार नाही. बरेच लोक अशा वेळी नवीन बॅटरी घेऊन मोकळे होतात.

फ्रिजबद्दल अजून एक. जुन्या कॅम्परमध्ये गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असायचा, १९२२ साली स्टॉकहोमला बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली कल्पना. एकही फिरता भाग नाही आणि अजिबात आवाज नाही, मला त्या यंत्राबद्दल मनापासून आदर आहे. पण आतला अमोनिया गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर फिरतो, त्यामुळे गाडी तिरकी उभी राहिली की थंडावा गेला, आणि कडक उन्हाळ्यात तर तो हात टेकतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उतारावरही चालतो. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर दिवसाचा एक तृतीयांश वेळ चालला तर ३६० वॅट-अवर होतात, उन्हाळ्यात अर्थात जास्त. तो कपाटात बसवताना मागे हवा खेळायला जागा सोडली नाही तर स्वतःच्याच उष्णतेत तो गुदमरतो आणि दुप्पट वीज खातो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली हे मात्र पैसे वसूल. १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.२८ किलोवॅट-अवर, आणि त्यातली बहुतेक सगळी वापरता येते. शिसं-आम्लाची तेवढीच बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं आणि वजन दुपटीहून जास्त. फक्त दोन गोष्टी जपायच्या. एक, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आत लिथियमचा धातू साचतो आणि सेल कायमचे खराब होतात, म्हणून बॅटरी बाहेर टांगण्यापेक्षा गाडीच्या आत, पलंगाखाली. दोन, इंजिनच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, ती थेट जोडायची नाही. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते आणि गाडी एका जागी उभी राहून इंजिन मंद फिरत असेल तर अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो, तो तापत जातो आणि जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर टाकला की करंट आटोक्यात राहतो.

सोलरबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. छतावर सपाट झोपवलेला पॅनल, त्यावर धूळ, शेजारी झाड, आणि मग आकडा का येत नाही असं विचारतात. पॅनल तापला की २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणून पॅनल आणि टप यांच्यात हवेसाठी फट ठेवायची. त्या फटीमुळे टपावर सावली पडून आतली गाडीही गार राहते, हा फायदा मला विजेपेक्षा मोठा वाटतो. पंख्याच्या झाकणाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी पडली तरी सगळ्या पॅनलचं उत्पादन पडतं कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून छतावर आधी पुठ्ठ्याचे तुकडे मांडून सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली कुठे फिरते ते बघितलं आणि मगच जागा पक्क्या केल्या.

पाणी, मोरी, टॉयलेट यांवर मी फार वेळ घालवला नाही. दाबाचा छोटा पंप, नळ सुरू केला की चालू होणारा, आणि त्याच्याखाली रबराचे तुकडे म्हणजे रात्री घरघर सगळ्या गाडीत ऐकू येत नाही. टॉयलेट लघवी वेगळी काढणारं, कारण दोन्ही एकत्र झालं की वास, वेगळं राहिलं की जवळजवळ नाही. रात्री पावसात बाहेर जावं लागत नाही, एवढं पुरेसं आहे.

उजेड मात्र महत्त्वाचा. मूळ गाडीत छतावर पांढऱ्याफटक एलईडीची पट्टी होती, लावली की दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. ती काढून २७०० केल्विनचे मऊ पिवळट दिवे, मंद करता येणारे, आणि ओट्यावर कामापुरता एक वेगळा. पलंगाच्या पायाशी जमिनीलगत एक अगदी मंद दिवा, त्याचं बटण उशीपाशी. एकाला उठायचं झालं तर दुसऱ्याची झोप मोडत नाही. खिडक्यांना जाड इन्सुलेशनचे पडदे, काचेच्या आकाराचे कापलेले. पुढच्या काचेला ते बाहेरून लावता आले तर उत्तम, कारण मग काचच उबदार राहते आणि तिच्यावर दव धरत नाही. आतून लावले की अंधार होतो पण पडदा आणि काच यांच्या मध्ये पाणी साचतं.

या सगळ्यात वजन चढत जातं आणि ते दिसत नाही. प्लायवूड, ड्रॉवर, पॅनल, ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, वर दोन माणसं. गाडीच्या कागदावर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं, आणि एवढ्यावरच भागत नाही, पुढच्या आणि मागच्या धुरीची, म्हणजे चाकांच्या ॲक्सलची, मर्यादा वेगवेगळी असते. पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची, अशी दोनदा तोलून घ्या. आमची एकूण मर्यादेत होती पण मागची धुरी अगदी काठावर, म्हणून पाण्याची टाकी मागच्या दाराजवळून काढून दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये, जमिनीलगत आणली आणि अवजारांची पेटी पुढच्या सीटखाली. घाटातल्या वळणावर गाडी मागून जी झोका घ्यायची ती तिथेच बरीच कमी झाली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना हवेच्या पिशव्या लावल्या तेव्हा उरलेला झोकाही गेला, पण त्या पिशव्यांनी गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही हे विकणारे सांगतातच असं नाही. टायरमधली हवाही धुरीवरच्या खऱ्या वजनाप्रमाणे भरायची, अंदाजाने जास्त भरली की प्रत्येक खड्डा कण्याला कळतो.

आणि खडखड! याला मी आरामाच्या यादीत झोपेनंतर दुसरा नंबर देते. तासनतास चमचे वाजत राहिले, कपाटाचं दार टकटक करत राहिलं की चालवणारा माणूस नकळत थकतो. पत्र्याच्या मोठ्या सपाट भागांवर ब्यूटिलचे तुकडे लावले, सगळा पत्रा झाकायची गरज नसते, एक चतुर्थांश भाग झाकला तरी त्याचं कंपन मरतं. चमच्यांच्या कप्प्यात फेल्ट, दारांना घट्ट दाबून बसणाऱ्या कड्या, भांड्यांच्या मध्ये कापडाचे तुकडे. मग एकाने हळू गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागे गुडघ्यावर बसून कान लावून आवाज शोधायचे, अर्थात मोकळ्या खासगी मैदानात आणि चालण्याच्या वेगाने. एक टकटक आम्हाला कितीतरी दिवस सापडत नव्हती, शेवटी ती पडद्याच्या दांडीच्या आत राहून गेलेल्या एका सुट्या स्क्रूची निघाली.

आता मागच्या धुरीवर थोडंच वजन शिल्लक आहे आणि त्यात काय बसवायचं यावरून आमच्यात अजून चर्चा चालू आहे. माझ्या सोबत्याला बाजूला उघडणारं छत हवंय, उन्हात बाहेर बसायला. मला दुसरी छोटी पाण्याची टाकी हवी आहे म्हणजे दोन दिवस जास्त एका जागी राहता येईल. छत उंचावर आणि एकाच बाजूला येतं, गाडी त्या बाजूला कलते, टाकी खाली आणि मध्ये येते, त्यामुळे हिशोबाने माझी बाजू जड आहे, पण मागच्या उन्हाळ्यात दुपारी सावली शोधत गाडी हलवत बसलो होतो तेही मला चांगलं आठवतंय. सध्या चार दांड्या, एक कापड आणि दोऱ्या घेऊन बघायचं ठरलंय, ते सगळं मिळून चार-पाच किलोच्या वर जात नाही.